रस्ता सुरक्षा अभियान राबवताना या चुका टाळा

जानेवारी उजाडला की परिवहन कार्यालये, वाहतूक पोलीस, शाळा, महाविद्यालये आणि ग्रामपंचायती रस्ता सुरक्षा अभियानाच्या तयारीला लागतात. अनेक वर्षे चाललेल्या सप्ताहाचे २०२१ मध्ये महिन्यात रूपांतर झाले, त्यामुळे कार्यक्रमांची संख्या वाढली. रस्त्यावरचे चित्र मात्र त्या प्रमाणात बदललेले नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. अभियान निरुपयोगी असते असा याचा अर्थ नाही, परंतु ते बहुतेक वेळा कोणालाही उद्देशून नसते. आपल्या तालुक्यात माणसे नेमकी कोठे, केव्हा आणि कशामुळे मरतात हे न पाहता कार्यक्रम आखला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका तेथूनच सुरू होतात.

नोंदी न पाहता विषय ठरवणे

अपघाताची माहिती हल्ली पोलीस मोबाइल ॲपद्वारे ‘ई-डार’ या राष्ट्रीय प्रणालीत भरतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसमोर अपघातप्रवण ठिकाणांचा आढावा येतो. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा जणांचा बळी गेला, तर ते ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’ मानले जाते. आयोजकांनी ही यादी समितीकडून किंवा पोलीस ठाण्याकडून मागून घ्यावी आणि तिच्यातील वेळ, वाहनाचा प्रकार व मृत व्यक्ती पादचारी होती की दुचाकीस्वार, एवढ्या तीन गोष्टी आधी वाचाव्यात. संध्याकाळी महामार्ग ओलांडणारे पादचारी ज्या गावात मरतात, त्या गावात हेल्मेटवरची चित्रकला स्पर्धा घेऊन काय साधणार?

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात तर अभियानाचा महिना आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर झिजलेली किंवा बाहेर लोंबणाऱ्या उसामुळे रिफ्लेक्टर झाकला गेलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात दिसत नाही आणि मागून येणारा दुचाकीस्वार तिच्यावर आदळतो. अशा भागात खरा श्रोता कारखान्याच्या गाडीतळावर वजनाची वाट पाहत थांबलेला चालक आणि त्याचा मुकादम हा असतो. तेथे जाऊन प्रत्येक ट्रॉलीला मागे व बाजूंना परावर्तक पट्टी लावणे, बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर तशीच सोडू नये हे सांगणे आणि पुढच्या आठवड्यात त्याच तळावर पुन्हा पाहणी करणे, एवढ्याने पन्नास फ्लेक्सहून अधिक काम होते. उद्घाटनाला चार पट्ट्या लावून छायाचित्र काढायचे आणि उरलेला गठ्ठा कार्यालयात ठेवून द्यायचा, हा प्रकार मात्र सर्रास दिसतो.

आयते प्रेक्षक निवडणे

शाळकरी मुले एका जागी, शांत बसलेली मिळतात, म्हणून सगळी व्याख्याने त्यांच्याच वाट्याला येतात. मुलांना शिकवू नये असे नाही. रस्ता सुरक्षा दलासारखे उपक्रम शाळांतून चालतात आणि ते चालावेत. परंतु वाहन पालक चालवतात, आणि अल्पवयीन मुलाच्या हाती किल्लीही पालकच देतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. चार वर्षांवरील मुलालाही दुचाकीवर हेल्मेट लागते, हेही अनेक पालकांना ठाऊक नसते. ही माहिती प्रार्थनेच्या वेळी मुलांना न सांगता पालकसभेत सांगावी.

‘वाहन सावकाश चालवा’ एवढेच सांगणे

२०२२ च्या नोंदींत सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. वळणाची सदोष आखणी किंवा गायब झालेला फलक शोधण्यापेक्षा पंचनाम्यात अतिवेग लिहिणे सोपे असते, याची जाणीव ठेवूनही वेगाचे महत्त्व कमी होत नाही. मात्र ‘सावकाश’ म्हणजे किती, हे घोषवाक्य सांगत नाही. जो तो स्वतःच्या वेगाला सावकाशच म्हणतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत वाहन जे अंतर कापते ते वेगळेच. मैदानावर चुन्याच्या रेषा आखून ताशी ३० आणि ६० किलोमीटर वेगाच्या वाहनाला थांबायला लागणारी अंतरे शेजारी शेजारी दाखवली, तर ती पाहणाऱ्याच्या लक्षात राहतात. रक्तबंबाळ छायाचित्रांनी लोक क्षणभर हळहळतात, पण पुढे काय करायचे ते त्यांना कळत नाही. म्हणून भीती दाखवायचीच असेल तर तिच्यासोबत एक ठोस कृतीही सांगावी.

प्रबोधन एकटे पाडणे

ही चूक सर्वांत महाग पडते. नॉर्वेतील संशोधकांनी अनेक देशांतील जनजागृती मोहिमांचा एकत्रित अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा मोहिमांमुळे अपघात सरासरी नऊ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. प्रत्यक्ष संवाद किंवा रस्त्यावरच दिलेला संदेश असेल तेथे परिणाम अधिक चांगला होता. नऊ टक्के हा आकडा लहान नाही, पण उरलेले काम अभियांत्रिकी, अंमलबजावणी आणि तातडीची वैद्यकीय सेवा यांनीच करायचे आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून राबवलेल्या ‘शून्य मृत्यू’ उपक्रमात या चारही बाजूंवर एकत्र काम झाले. म्हणून हेल्मेट फेरी काढली असेल, तर त्याच चौकात पुढील काही आठवडे तपासणीही व्हावी. दुभाजक फोडून केलेला बेकायदा रस्ता उघडाच ठेवून तेथे ‘जीव मोलाचा’ असा फलक लावण्यापेक्षा सार्वजनिक बांधकाम विभागाला किंवा महामार्ग प्राधिकरणाला लेखी कळवून त्याची पोच ठेवावी. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये आहे, याची आठवण पत्रात असावी.

हेल्मेट वाटणार असाल तर आयएसआय चिन्ह नसलेले वाटू नये, कारण १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी अशा हेल्मेटची विक्रीच बेकायदा आहे. आणि हनुवटीखालचा पट्टा आवळून दाखवल्याशिवाय ते हातात देऊ नये.

अपघातानंतरचा तास विसरणे

कार्यक्रमात नियम सांगितले जातात, मदत कशी करावी हे क्वचितच सांगितले जाते. जखमीला रुग्णालयात नेले तर पोलीस मागे लागतील ही भीती अजून गेलेली नाही, जरी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि पुढे कायद्यात कलम १३४-अ आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोखरहित उपचार मिळू शकतात. हे पत्रकावर छापण्यापेक्षा महामार्गालगतच्या ढाबेवाल्यांना, पंक्चर काढणाऱ्यांना आणि रिक्षाचालकांना समक्ष सांगावे, कारण अपघातस्थळी पहिले तेच पोहोचतात. १०८ ला फोन करताना किलोमीटरचा दगड किंवा जवळची खूण सांगण्याचा सरावही त्यांच्याकडून करून घ्यावा.

अभियानाचा अहवाल लिहिताना उपस्थितांची संख्या आणि वाटलेली पत्रके यांवर थांबू नये. एका तालुक्यात महिन्याभरातील मृत्यूंची संख्या इतकी लहान असते की तिच्या चढउतारावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी अभियानापूर्वी, लगेच नंतर आणि तीन महिन्यांनी त्याच चौकात, त्याच वारी, त्याच वेळी तासभर उभे राहून पट्टा लावलेली हेल्मेटे मोजावीत, आणि मागे बसलेल्यांची मोजणी वेगळी ठेवावी.