साताऱ्यात लेझर टॅगला जाताय? आधी फोन लावा

कास बघून उतरताना किंवा कोल्हापूरला जाता जाता पोरांना साताऱ्यात लेझर टॅग, म्हणजे सेन्सरवालं जॅकेट घालून एकमेकांवर खेळण्यातली गन मारायचा खेळ, खेळवायचा बेत असेल तर आदल्या दिवशी फोन लावा. मॅपवर 'ओपन' दिसतंय म्हणून सुटू नका. या जागा घरचे मिळून चालवतात, काउंटरला काकू, जॅकेट बांधून द्यायला मुलगा, आणि भावकीत लग्न निघालं की शटर खाली. आम्ही बाराजण दारात उभे आणि चार्ज झालेल्या गन सहा, बाकी सगळ्या वायरीला लटकलेल्या. "आधी फोन करायचा की ओ," काकू म्हणाल्या. काय बोलणार.

तर फोनवर विचारायचं काय, चालू गन किती, आमच्या वेळेला चार्ज असतील का, लाइट गेली तर काय, दुपारी जेवायला बंद ठेवता का, बारक्यांना जॅकेट बसतं का. व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका, निळी टिक येते आणि विषय संपतो. फोनच.

जागा आत आहे का उघड्यावर हेही तेव्हाच विचारून घ्या. उघड्यावर असेल तर भर दुपारी अजिबात नको. नाव लेझर असलं तरी गनमधून सुटतो तो इन्फ्रारेड, टीव्हीच्या रिमोटमधला, आणि उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतो, त्यामुळे सेन्सर गोंधळतो, लांबून मारलेलं लागतच नाही आणि पोरांची "मारलं"-"नाही लागलं" वरून खरीखुरी मारामारी होते. पाचनंतर जा. पावसाळ्यात उघड्यावरचं चालू असतं का ते... कळलं ना, फोन.

आत असेल तर पांढरा शर्ट नको. तिथे ब्लॅकलाइट, म्हणजे जांभळट अल्ट्राव्हायोलेट दिवे, लावलेले असतात आणि कपडे शुभ्र दिसावेत म्हणून साबणात किंवा टिनोपालमध्ये जे घातलेलं असतं ते त्या उजेडात निळसर पेटतं, म्हणजे तुम्ही कोपऱ्यात दबा धरून बसलाय आणि समोरच्याला ट्यूबलाइट दिसतीये. काळा टीशर्ट घाला. धूरही सोडतात, कुणाला दमा असेल तर त्या दिवशी धूर बंद ठेवता का विचारा, घरचीच माणसं आहेत, ऐकतात, पण ऐनवेळी नाही, आदल्या दिवशी सांगितलं तर.

बूट. चप्पल, क्रॉक्स काहीही नाही, आत अंधार असतो. ओढणी गाडीत ठेवा, केस बांधा, खांद्यावरचे सेन्सर झाकले की चीटिंग म्हणून बोंब होते. पाणी वगैरे घ्यालच.

पुण्याकडून येणाऱ्यांनी शनिवारी सकाळी खंबाटकीच्या भरवशावर वेळ देऊ नये. अडकलात तर घाटातूनच परत कळवा, नाहीतर ते तुमच्या गन दुसऱ्या ग्रुपला देऊन टाकतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. गाडी चालवणाऱ्याने नाही, शेजारच्याने लावायचा.

जेवण खेळून झाल्यावर. थोडी कॅश ठेवा. आत पळू नका, मोबाईल बाहेर द्या. मग राजवाड्यावर भेळ, कंदी पेढे, झालं.

आणि मॅपवरचा नंबर लागला नाही तर तिथल्या फोटोत बोर्ड झूम करून बघा, त्यावर बहुतेक दुसरा असतो.