उझी माशी: कोष काढल्यानंतरचे बारा दिवस

पावसाने उघडीप दिली की इंदापूर, बारामती, दौंड भागातील रेशीम उत्पादकांकडून दरवर्षी एकच तक्रार येते. पाचव्या, म्हणजे कोष विणण्यापूर्वीच्या शेवटच्या अवस्थेपर्यंत रेशीम कीटकांची बॅच उत्तम होती, आणि ऐन कोषावर आल्यावर कीटक मरू लागले किंवा कोषांना भोके पडली. यामागे बहुतेक वेळा उझी माशी, म्हणजे रेशीम कीटकावर वाढणारी परोपजीवी माशी, असते. ती शेजारच्या शिवारातून आली असा शेतकऱ्याचा समज असतो. प्रत्यक्षात अनेकदा ती त्याच्याच शेडमध्ये, मागच्या बॅचच्या कचऱ्यातून निघालेली असते. कोष विकले गेले म्हणजे काम संपले असे मानून शेड आठवडाभर तसेच टाकून देणे, या एका हयगयीपायी चांगल्या चांगल्या बॅच हातच्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

मादी मुख्यतः चौथ्या व पाचव्या अवस्थेतील कीटकाच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट अंडे चिकटवते. दोन-तीन दिवसांत त्यातून निघालेली अळी कीटकाच्या शरीरात शिरते आणि शिरल्या जागी काळा डाग उमटतो. आत साधारण आठवडाभर वाढून ती कीटक किंवा कोष फोडून बाहेर पडते, उजेड टाळत जमिनीच्या भेगेत, भिंतीच्या कोपऱ्यात, चंद्रिकेखालच्या (कीटक ज्यावर कोष विणतात त्या चौकटीखालच्या) कचऱ्यात शिरते आणि काही तासांतच तिचा लालसर तपकिरी प्यूपा (माशी होण्याआधीची निश्चल अवस्था) होतो. त्यातून १० ते १२ दिवसांत माशी निघते. आता आपला हिशेब पाहा. कोष काढल्यावर आठवडाभराने चॉकी (सुरुवातीच्या अवस्थांपर्यंत वाढवलेले लहान कीटक) आणली, तर चार-पाच दिवसांत कीटक चौथ्या अवस्थेत येतात, म्हणजे माशीला अंडी घालण्यासाठी हवे असलेले कीटक ती जन्मताच तिच्यासमोर असतात.

म्हणून कोष काढल्याच्या दिवशीच, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, शेड झाडून काढावे. भेगा खराट्याने उकराव्यात, सापडलेल्या अळ्या ०.५ टक्के साबणाच्या पाण्यात टाकाव्यात आणि प्यूपे जाळावेत. हा कचरा उकिरड्यावर टाकू नये, कारण माशी तिथूनही निघते. भेगा सिमेंटने बुजवण्याचा खर्च कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त पडतो.

माशी दिवसा फिरते, पण शेडमध्ये एखाद-दुसरीच असल्याने सहज दिसत नाही. ती घरमाशीपेक्षा मोठी, काळसर राखाडी असून पाठीवर चार गडद उभ्या रेषा असतात. सकाळी ऊन आल्यावर उन्हाच्या बाजूच्या जाळीवर आतून शोधावे. पावसानंतर पहिले स्वच्छ ऊन पडते त्या दिवशी ती अधिक दिसते असा माझा अनुभव आहे, यामागे शास्त्रीय मोजणी नाही. चौथ्या अवस्थेपासून रोज दाराजवळच्या रॅकवरील काही कीटक उजेडात धरून अंगावरच्या वळ्यांमध्ये अंडे किंवा काळा डाग आहे का, हे पाहावे. डाग असलेले कीटक वेचून नष्ट करावेत.

नेहमीची कामे:
– दारे-खिडक्यांना बारीक जाळी, दाराला दुहेरी कक्ष
– फाटलेली जाळी त्याच दिवशी शिवणे
– तिसऱ्या अवस्थेपासून उझीट्रॅप या माशीला आकर्षित करणाऱ्या औषधाची १ गोळी १ लिटर पाण्यात विरघळवून पांढऱ्या ट्रेमध्ये, खिडकीच्या आत व बाहेर
– कीटक कात टाकत असताना चुन्याची धुरळणी, शिफारशीप्रमाणे निर्जंतुकीकरण

उझी माशीच्या प्यूप्यावर उपजीविका करणारा नेसोलिंक्स थायमस हा मित्रकीटक १०० अंडीपुंजांसाठी (एक अंडीपुंज म्हणजे एका मादी पतंगाने घातलेली अंडी) २ पाउच या प्रमाणात सोडण्याची शिफारस आहे. तो सायंकाळी सोडावा. मात्र कचरा तसाच ठेवून केवळ पाउचवर विसंबून राहिलेल्यांना त्याचा फारसा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

दुकानदार 'माशीवर हमखास' म्हणून महागडे कीटकनाशक हातात देतात. ते शेडमध्ये किंवा शेडच्या आसपास मारले तर माशी मरो न मरो, रेशीम कीटक नक्की मरतात. तुतीवर किंवा लगतच्या पिकावर फवारणी झाली असेल, तरीही पाल्यातून तोच धोका असतो.

ही माशी पूर्वी बंगाल-आसामकडे होती. १९८० मध्ये कोषांबरोबर ती कर्नाटकात पोहोचली. वाहतुकीत अळ्या गोणीतून गळतात. त्यामुळे बाजारातून परत आणलेल्या गोण्या शेडमध्ये नेण्यापूर्वी अंगणात झटकाव्यात, उकळत्या पाण्यात बुडवाव्यात आणि ज्या गाडीतून कोष नेले तिचा तळ त्याच दिवशी झाडून तो कचरा जाळावा.