पोस्टडॉक शोधताय? आधी रिसर्च पेपरचं शेवटचं पान बघा

सायन्स-इंजिनिअरिंगमधे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम) शोधताना सगळे युनिव्हर्सिटीच्या जॉब पेजवर जाऊन बसतात, पण तिथे येतात त्या बहुतेक प्राध्यापकाच्या प्रोजेक्टच्या पैशातल्या जागा, फेलोशिपचं काम वेगळं असतं, तिथे पैशासाठी अर्ज तुमच्या नावाने जातो. ज्या लॅबमधे जायचंय तिचे मागच्या दोन-तीन वर्षांतले पेपर उघडा आणि शेवटचं आभाराचं कलम वाचा, तिथे पोस्टडॉक करणाऱ्यांना पैसे कोण देतं ते नावानिशी लिहिलेलं असतं. तीच तुमची यादी!

युरोपात जायचं असेल तर युरोपियन युनियनची मारी क्युरी फेलोशिप बघा. डेडलाइन साधारण सप्टेंबरात असते, पण त्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात जायचंय तिथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, म्हणजे जर्मनीत नुकतीच पीएचडी केलेल्याला जर्मनीच मिळायची नाही, ही अट लोक हमखास विसरतात. भारतात नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, २ वर्षांची.

दोन्हीकडे आधी प्राध्यापकाचा होकार लागतो, त्यामुळे मेल चार-पाच महिने आधीच टाका. आणि 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी हार्डवर्किंग' वगैरे नको हो, त्यांच्या कुठल्या पेपरवर पुढे काय करायचंय ते सरळ चार ओळीत लिहा.