काळाचा विचार कसा अभ्यासावा : पंचांग, घड्याळ आणि भरतीचे वेळापत्रक हाताशी धरून

पाश्चात्त्यांचा काळ सरळ रेषेत पुढे जातो आणि पौर्वात्यांचा काळ चक्रासारखा फिरतो, हे विधान व्याख्यानमालांतून आणि दिवाळी अंकांतून इतक्या वेळा केले जाते की ते आता कोणी तपासूनही पाहत नाही. कालविचाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम हे विधान बाजूला ठेवावे. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु काळ मोजावा कसा, काळ म्हणून स्वतंत्र असे काही अस्तित्वात आहे का, आणि असल्यास त्याला दिशा आहे की आवर्तन, या तीन निरनिराळ्या प्रश्नांची त्यात गल्लत झालेली असते. हे प्रश्न वेगळे केले की मतभेदाची रेघ पूर्व आणि पश्चिम यांच्यामधून जात नसून प्रत्येक परंपरेच्या आतूनच जाते, असे दिसू लागते. पुढे दिलेली पद्धत ही रेघ ज्याची त्याने शोधून काढण्यासाठी आहे.

कोकणचा किनारा या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे, कारण येथे तीन कालगणना रोज एकमेकींना खेटून चालतात. एस.टी. घड्याळावर सुटते, देवाची पालखी तिथीवर निघते आणि खाडीतील होडी भरती-ओहोटी पाहून हाकारली जाते. गावच्या वाचनालयात चार-सहा जणांनी मिळून हा अभ्यास करायचा असेल, तर त्यांत पंचांग जाणणारे एक भटजी आणि होडी हाकणारा एखादा अनुभवी तांडेल अवश्य असावा. केवळ तत्त्वज्ञानाच्या पदवीधरांचे मंडळ या विषयात फार लवकर शब्दांत अडकते, असे माझे मत आहे. साहित्य म्हणून एक वही, घरातले पंचांग, जवळच्या बंदराचे भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक आणि एक सरळ काठी पुरेशी आहे. ग्रंथांकडे नंतर वळावे.

पहिला पंधरवडा भरतीला द्यावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आडाखा किनाऱ्यावर पूर्वापार वापरात आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरल्या की सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि दिवसातून दोन भरत्या असल्याने हीच वेळ सकाळ-संध्याकाळ ढोबळमानाने लागू पडते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पुरी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, होते. म्हणूनच उधाणाच्या दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी खडक उघडे पडतात आणि खडकांवरची कालवे (शिंपल्यांतील जीव) काढणाऱ्या बायका त्या वेळा धरून निघतात. वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: सूर्योदयाची तिथी, ती संपण्याची वेळ, आडाख्याने काढलेली भरतीची वेळ आणि वेळापत्रकातील वेळ. शेवटच्या दोन रकान्यांत कधी अर्ध्या तासाचा, कधी त्याहून अधिक फरक पडेल. तो खोडून जुळवून घेऊ नये, कारण पुढच्या चर्चेत तोच उपयोगी पडतो.

आडाखा चालतो कसा, हे नीट समजून घ्यावे. चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. पृथ्वीला स्वतःभोवती एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटे. तोंडी हिशेबासाठी त्यांचा पाऊण तास झाला. मात्र चंद्राची गती एकसारखी नसल्यामुळे तिथी कधी सुमारे २० तासांची, तर कधी जवळजवळ २७ तासांची होते, आणि त्यातूनच क्षयतिथी (जिला एकही सूर्योदय लाभत नाही) आणि वृद्धितिथी (जिला दोन सूर्योदय लाभतात) निर्माण होतात. तिथी हा घड्याळातील काळाचा एक तुकडा नव्हे, तर दोन गतींमधील नात्याची ती मोजणी आहे.

येथे पहिला ग्रंथ उघडावा, आणि तो ॲरिस्टॉटलचा असावा. आपल्या भौतिकशास्त्रविषयक ग्रंथाच्या चौथ्या भागात तो काळाची व्याख्या 'आधी आणि नंतर यांच्या संदर्भात गतीची संख्या' अशी करतो. ही ग्रीक व्याख्या तिथीला जितकी चपखल बसते तितकी भिंतीवरच्या घड्याळालाही बसत नाही. उलट १६८७ साली न्यूटनने मांडलेला निरपेक्ष काळ बाहेरच्या कशाशीही संबंध न ठेवता एकसारखा वाहतो. त्याच्या जवळचा भाऊबंद शोधायचा तर तो आपल्या वैशेषिक दर्शनात सापडतो. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांमध्ये काळ हे एक द्रव्य आहे. ते एकच, नित्य आणि सर्वव्यापी असून क्षण, दिवस, महिने हे त्याचे भेद केवळ औपाधिक, म्हणजे बाहेरच्या निमित्ताने मानलेले, आहेत. आधीचे, नंतरचे, एकाच वेळी, सावकाश आणि लवकर हे आपले प्रत्यय हीच त्याच्या अस्तित्वाची लिंगे, म्हणजे ते ओळखण्याच्या खुणा, असे वैशेषिकसूत्र सांगते.

या ठिकाणी भटजी आणि तांडेल या दोघांनाही एक प्रश्न विचारावा: गती आकाशात चंद्रसूर्यांची आहे, मग जेटीला बांधलेली होडी 'जुनी' कशी ठरते? न्याय-वैशेषिक परंपरेतील उत्तरकालीन आचार्यांचा युक्तिवाद नेमका या प्रश्नावर उभा आहे. सूर्याची गती सूर्यात राहते आणि वस्तू येथे असते. या दोहोंचा संबंध जोडणारे सर्वव्यापी द्रव्य मानल्याशिवाय 'इतक्या वर्षांची होडी' असे म्हणताच येत नाही, आणि ते द्रव्य म्हणजे काळ. ॲरिस्टॉटलच्या व्याख्येवर घेता येणारा हा फार मार्मिक आक्षेप आहे. न्यूटनशी वैशेषिकांचे पुरते जुळते असे मात्र समजू नये, कारण न्यूटनचा काळ वाहतो आणि वैशेषिकांचा काळ स्वतः निष्क्रिय आहे. तत्त्वज्ञ लायब्निट्झने १७१५-१६ मधील पत्रव्यवहारात न्यूटनच्या पक्षाला केलेला विरोध याच बैठकीत वाचावा. काळ म्हणजे घटनांचा क्रम, त्याहून वेगळे काही नाही, ही त्याची भूमिका आहे.

दुसरे काम काठीचे. ते कार्तिक ते फाल्गुन या स्वच्छ आकाशाच्या महिन्यांत करावे. सपाट जागी काठी उभी रोवून साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करावी आणि सर्वांत आखूड सावलीची घड्याळातील वेळ टिपावी. रत्नागिरीस ती बाराला कधीच येत नाही. वर्षभरात ती साधारणपणे बारा वीस ते बारा पन्नास या दरम्यान सरकत राहते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि रत्नागिरी सुमारे ७३.३ अंशांवर, हा फरक ३७ मिनिटांचा होतो आणि त्यात सूर्याच्या वार्षिक गतीतील चढउतार मिसळतात. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली, परंतु मुंबईत तिच्या मागे ३९ मिनिटे असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. घड्याळात वाजलेले बारा ही आपण सर्वांनी मान्य केलेली गोष्ट आहे, इतके यातून हाती लागले की हे काम संपले.

पंचांगाचीही तीच गत आहे, हे कोकणात वेगळे सिद्ध करावे लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात टिळक पंचांग मानणारी घरे आजही आहेत. लोकमान्य टिळकांच्या पुढाकारातून रूढ झालेल्या या पद्धतीत राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्राच्या योगताऱ्यापासून, म्हणजे त्याच्या खुणेच्या ताऱ्यापासून, धरतात. त्यामुळे संक्रांत सुमारे चार दिवस आधी येते आणि काही वर्षी अधिक महिना वेगळा पडल्याने त्या घरांतील गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी बसतात. एकाच वाडीतील दोन घरे काळाच्या स्वरूपाबद्दल भांडत नसून आरंभबिंदूबद्दल भांडत आहेत, हे ओळखता आले की मोजणीचा प्रश्न आणि अस्तित्वाचा प्रश्न वेगळे झाले. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाने हा भेद पहिल्याच अध्यायात केला आहे: लोकांचा अंत करणारा काळ एक, आणि ज्याची गणना करता येते तो दुसरा. गणनेच्या इतिहासासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्रावरील १८९६ चा ग्रंथ घ्यावा. दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, आणि त्यांचे मराठी आजही अडखळू देत नाही.

आता अस्तित्वाच्या प्रश्नाकडे वळावे, आणि तेथे ग्रंथ प्रांतवार न लावता जोडीने वाचावेत. पहिली जोडी ख्रिस्ती संत ऑगस्टिन आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्य. ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनाच्या अकराव्या भागात युक्तिवाद असा आहे: भूतकाळ उरलेला नाही, भविष्य अजून आलेले नाही, आणि वर्तमानाला लांबी दिली की त्याचेही भूत आणि भविष्य असे दोन भाग पडतात; मग आपण मोजतो ते काय? मनातील स्मृती, अवधान आणि अपेक्षा, हे त्याचे उत्तर. व्यासभाष्यात तिसऱ्या पादातील क्षण आणि त्याचा क्रम यांविषयीच्या सूत्रावर म्हटले आहे की दोन क्षण एकत्र कधीच असत नाहीत, म्हणून क्षणांचा समुदाय ही बुद्धीची निर्मिती आहे, आणि काळ वस्तुशून्य असूनही लोकांना वस्तूसारखा भासतो. दोघेही काळाला मनाकडे नेतात. फरक असा की भाष्यकार क्षण खरा मानतात आणि त्यावर संयम, म्हणजे चित्ताची एकाग्रता, करायला सांगतात, तर ऑगस्टिनचा वर्तमान हातातून निसटतच राहतो आणि तो अखेर ईश्वराच्या अनंतत्वाकडे वळतो. ऑगस्टिन आजच्या अल्जीरियात जन्मला होता, हेही 'पाश्चात्त्य' ही पाटी लावताना लक्षात ठेवलेले बरे.

दुसरी जोडी बौद्ध आचार्य नागार्जुन आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा तत्त्वज्ञ मॅकटॅगर्ट यांची आहे. नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेतील एकोणिसावे प्रकरण अवघ्या सहा श्लोकांचे आहे. वर्तमान आणि भविष्य भूतकाळाच्या सापेक्ष असतील तर ते भूतकाळातच असायला हवेत, आणि सापेक्ष नसतील तर त्यांची सिद्धीच होत नाही, असा हा पेच आहे. मॅकटॅगर्टने १९०८ साली काळ असत् आहे असे प्रतिपादन करताना भूत-वर्तमान-भविष्य ही मांडणी आणि आधी-नंतर ही मांडणी वेगळी काढली. ही फोड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, कारण पूर्वी वाचलेल्या प्रत्येक ग्रंथाला ती लावता येते. वैशेषिकांची लिंगे दुसऱ्या मांडणीतील आहेत आणि ऑगस्टिनचा सगळा त्रास पहिल्या मांडणीतून उद्भवतो. कांट आणि बर्गसाँ या तत्त्वज्ञांसाठी सुरुवातीला एकेक बैठक पुरे.

आकाराचा, म्हणजे दिशा की आवर्तन हा, प्रश्न शेवटी घ्यावा, आणि त्यासाठी गणेशपूजेत प्रत्येक घराने ऐकलेला संकल्प वाक्यशः उलगडावा. 'अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे' म्हणजे ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध. 'श्वेतवाराहकल्पे' म्हणजे ४३२ कोटी वर्षांचा त्याचा चालू दिवस. 'वैवस्वतमन्वंतरे' म्हणजे चौदांपैकी सातवे. 'कलियुगे प्रथमचरणे' म्हणजे ४,३२,००० वर्षांच्या युगाचा आरंभीचा भाग. येथवर सारी आवर्तने आहेत. लगेच पुढे शालिवाहन शकाचा अंक येतो, जो इसवी सन ७८ पासून एकेकाने वाढतच जातो आणि कधीही परत फिरत नाही. त्याला लागून संवत्सराचे नाव येते, आणि ते साठ वर्षांनी पुन्हा येते. मग अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. एका दमात म्हटल्या जाणाऱ्या या वाक्यात चक्रे आणि रेषा एकमेकींत ओवलेल्या आहेत, आणि हेतू असा की नेमका हा दिवस, जो पुन्हा येणार नाही, इतर सर्व दिवसांतून निवडून दाखवावा. चक्राकार काळ मानणारा समाज प्रत्येक दिवसाला इतका बारीक पत्ता का देतो, यावर एक स्वतंत्र बैठक घ्यावी.

याच्या उलट बाजूची उदाहरणेही टिपावीत. ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञ विश्वाचा अग्नीत लय होऊन सारे पुन्हा तसेच घडते असे मानत आणि एकोणिसाव्या शतकात नित्शेने शाश्वत पुनरावर्तनाची कल्पना पुन्हा मांडली. तसे हूबहू पुनरावर्तन पुराणांतील कल्पांमध्ये अभिप्रेत असतेच असे नाही. जैनांचे अवसर्पिणी आणि उत्सर्पिणी हे प्रत्येकी सहा आऱ्यांचे अर्धभाग चक्र पूर्ण करतात, तरी मुक्त जीव त्या चक्रात परतत नाही. सृष्टीच्या आरंभापासून वर्षे मोजणारी ज्यू परंपरा तर रायगडच्या किनाऱ्यावरच शतकानुशतके नांदली. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायल कुटुंबांना लोक 'शनवार तेली' म्हणत. ती परंपरा पूर्वेची की पश्चिमेची, हे ज्याला सांगता येईल त्याने खुशाल सांगावे.

येथपर्यंत आल्यावर व्याकरणकार भर्तृहरीच्या वाक्यपदीय या ग्रंथातील कालसमुद्देश हे प्रकरण वाचण्याची तयारी झालेली असते. त्याआधी ते हाती घेऊ नये. भर्तृहरी काळाला द्रव्याऐवजी शक्ती मानतो आणि तिची प्रतिबंध आणि अभ्यनुज्ञा अशी दोन कार्ये सांगतो, म्हणजे काही गोष्टींना ती थोपवून धरते आणि काहींना प्रकट होऊ देते. खारभूमीच्या बांधाची उघाडी ज्याने पाहिली आहे, भरतीला समुद्र अडवणारी आणि सुकतीला आतले पाणी सोडणारी, त्याला ही कल्पना टीकाकारांच्या मदतीशिवाय कळेल.

शेवटी वहीत एक तक्ता करावा. उभ्या बाजूस वाचलेले ग्रंथकार आणि आडव्या बाजूस मोजणी, अस्तित्व आणि आकार हे तीन प्रश्न. प्रत्येक चौकोनात एकच वाक्य लिहावे आणि ज्या प्रश्नावर ग्रंथकार बोलतच नाही तो चौकोन रिकामा सोडावा. नागार्जुनाची मोजणी किंवा सूर्यसिद्धान्ताचे अस्तित्वविषयक मत आपल्या पदरचे घालून भरू नये. तक्ता भरताना ग्रंथकाराच्या नावापुढे देश लिहू नये. तो हवाच असेल तर सगळे चौकोन भरून झाल्यावर, वेगळ्या शाईने लिहावा.