बुद्धिबळात हरलेला डाव ड्रॉ (बरोबरी) कसा करायचा, फक्त राजा आन एक प्यादं

परभणीत टपरीवर ही पोझिशन मांडली की सगळे म्हणतात पांढरा गेला, उगं कशाला खेळायलास. बोर्ड काढा (अक्षर म्हणजे उभी रांग, पांढऱ्याच्या डावीकडनं ए ते एच; आकडा म्हणजे आडवी, पांढऱ्याकडनं १ ते ८): पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५, चाल पांढऱ्याची. रिचर्ड रेटी या बुद्धिबळपटूनं १९२१ ला काढलेलं कोडं हे. काळ्याच्या प्याद्यामागं सरळ पळालात तर ते सापडत नाही, म्हणून राजा तिरका घ्या, म्हणजे त्या प्याद्याकडं आन आपल्या प्याद्याकडं एकदमच सरकतो: जी७, मग काळ्याचं प्यादं एच४ आलं की एफ६. काळ्यानं राजा बी६ ला आणला तर ई५, आता त्यानं सी६ खाल्लं की एफ४ ला जाऊन प्यादं धरायचं, आन एच३ केलं तर डी६, पुढं सी७, दोघांचेही वजीर, ड्रॉ! बी६ न करता डायरेक्ट एच३ पळवलं तर मात्र ई५ नको, ई७ ला जा, मी इथंच फसलो होतो.