अक्कलदाढ काढण्याआधी भीतीची गोळी घेताय? या चुका टाळा

दाढ काढायची म्हटलं की आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असं सांगणारे पेशंट नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या दवाखान्यात नेहमी येतात. त्यांची भीती खरी असते आणि तिच्यावर औषधही आहे: अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम. मला काळजी वाटते ती ही औषधं घेताना होणाऱ्या चुकांची.

घरातली गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. "आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धीच घेतली, डॉक्टर," असं कुणीतरी खुर्चीत टेकल्यावर सांगतं. कुणी सांगतच नाही. त्यावर आम्ही आणखी शामक, म्हणजे गुंगी आणणारं औषध, दिलं तर श्वास मंदावू शकतो. २०१४ पासून ही औषधं शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या सरकारी यादीत आहेत. केमिस्टला ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते.

चालू असलेलं प्रत्येक औषध सांगा. गजकर्णाच्या गोळीचा दाढेशी काय संबंध, असं वाटतं ना? संबंध आहे. गजकर्णावर सर्रास दिलं जाणारं इट्राकोनाझोल यकृतातल्या एका एन्झाइमला रोखतं, आणि अल्प्राझोलाम, मिडाझोलाम यांचा निचरा त्याच एन्झाइममुळे होतो. मग नेहमीचाच डोस जड पडतो, गुंगी उतरता उतरत नाही. रात्री मोठ्याने घोरत असाल, दमा असेल, दिवस गेले असतील, तर तेही आधीच सांगा. आणि द्राक्षाची म्हणून वाइन चालते, असं समजू नका. शामक आणि दारू एकमेकांची गुंगी वाढवतात.

शिरेतून शामक देणार असतील तर सकाळची मिसळ नको. जेवण आणि दुधाचा चहा ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. बीपीची गोळी मात्र परस्पर बंद करू नका, विचारा.

भीतीच्या गोळीने दुखणं थांबत नाही. जागा बधिर होते ती लिग्नोकेनच्या इंजेक्शनने. दुखलं तर गुंगीतही हात वर करा, आम्ही थांबतो.

एकटे येऊ नका. सिन्नरहून आलेले एक दादा दाढ काढून झाल्यावर उठले, ॲक्टिव्हाची किल्ली हातात घेतली. "मी एकदम बरा आहे, डॉक्टर. टाके किती घातले?" तीन, मी सांगितलं. बूट घालताना पुन्हा, "टाके किती?" दाराशी तिसऱ्यांदा. चालणं सरळ, बोलणं स्वच्छ, पण ऐकलेलं डोक्यात राहतच नव्हतं. किल्ली मी त्यांच्या बायकोकडे दिली, कापूस कधी काढायचा आणि गोळ्या कधी द्यायच्या ते तिलाच कागदावर लिहून दिलं, आणि २४ तास गाडीला हात लावू देऊ नका म्हणून बजावलं. रिक्षात बसता बसता दादांनी तिला विचारलं, "टाके किती गं?"