जुना ट्रम्पेट घेताना तिसरी स्लाइड आधी बघा

चकाकीवर जाऊ नका. दुकानातच पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) एकत्र दाबून खालचा डी वाजवा, मग तिन्ही दाबून सी शार्प. मोबाइलवर सूर दाखवणारं ट्यूनर ॲप लावून ठेवा. (बी फ्लॅट ट्रम्पेट असेल तर ट्यूनरवर डी ऐवजी सी दिसेल, गोंधळू नका.)

हे दोन सूर चढेच लागतात. प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळी मोकळ्या वाद्याच्या लांबीवर बेतलेली असते. व्हॉल्व्ह एकत्र दाबले की वाद्य आधीच लांब झालेलं असतं, त्यामुळे तेवढी नळी अपुरी पडते. निव्वळ गणिताने तिन्ही व्हॉल्व्हला सूर जवळजवळ अर्धा सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) चढतो. म्हणून चांगल्या ट्रम्पेटच्या तिसऱ्या स्लाइडला, म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हच्या सरकत्या नळीला, बोटाची कडी असते. वाजवताना ती स्लाइड बाहेर सरकवून सूर उतरवता येतो.

काही स्वस्त वाद्यांत ही कडी नसते किंवा स्लाइड घट्ट अडकलेली असते. अडकलेली स्लाइड कारागीर बहुधा मोकळी करून देतो. कडीच नसेल तर मात्र मी ते वाद्य शिकणाऱ्या मुलाच्या हाती देणार नाही. ओठांनी सूर ओढून धरायची सवय एकदा लागली की सुटायला फार त्रास होतो.